भिंतोबाच्या पुजाऱ्याचा जामीन

श्रावणातला तिसरा सोमवार, १९९४. दुपारचा चहा झाल्यावर, तहसीलदार साहेबांच्या खोलीत.

हजर: तहसीलदार साहेब, कारण तालुक्याच्या सबजेलचे अधीक्षकही तेच असतात, पहाऱ्यावरचे जमादार, कैद्यांना जेवण पुरवणारा खानावळवाला, आणि मी, तुरुंगाचं टेबल सांभाळणारी कारकून. गैरहजर: भिंतोबा. बैठक त्याच्यामुळेच होती, पण तो दोन नंबरच्या कोठडीच्या भिंतीत होता आणि तिथून हलण्यासारखा नव्हता.

विषय एकच. नारळ.

"साहेब, नारळ म्हणजे दगडच," जमादार म्हणाले. "कुणाच्या डोक्यात बसला तर मी काय उत्तर देऊ?"

"मग बाहेर फोडून आत द्या."

"फोडलेला चालत न्हाई. देवापुढंच फुटाया लागतो."

"असं कोण म्हणतं?"

"पुजारी म्हणतो."

"पुजारी कोण?"

जमादारांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "घंटाचोरीतला आरोपी, साहेब."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. आमच्या साहेबांना विचार करायला चष्मा पुसावा लागे.

हे प्रकरण इथपर्यंत कसं आलं ते आधी सांगते. आमचा तालुका नगर जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेकडचा. तहसील कचेरी, कोर्ट आणि सबजेल एकाच आवारात. सबजेल म्हणजे चार कोठड्या, मधे फरशीचं अंगण, पाण्याची टाकी आणि लोखंडी जाळीचा दरवाजा. आत सगळे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचे खटले अजून चालायचेत असे. बांधावरून डोकं फोडलेले, शेळी पळवलेले, जामिनाची वाट बघणारे. माझं काम जेवणाचं, चादरींचं, भेटींच्या नोंदींचं आणि दुरुस्तीचं. बायकांनी जाळीच्या आत जायचं नाही, असा नियम. त्यामुळे माझा सगळा तुरुंग मी जाळीबाहेरून चालवला. मला त्यात अडचण वाटली नाही. घरचा किराणाही मी यादी देऊन वाण्याच्या दुकानाबाहेरूनच आणते.

त्या उन्हाळ्यात नगरहून कलेक्टर साहेब तपासणीला येणार होते. घाईघाईनं भिंतींना चुना मारला. रंगारी जाळीपाशी आला आणि म्हणाला, "बाई, दोन नंबरला मागल्या भिंतीला फुगवटा आलाय. ओल हाय. चुना धरतच न्हाई."

मी म्हटलं, "खालच्या पट्ट्याचा गेरू उरलाय ना? तो मार त्याच्यावर."

एवढंच बोलले. तपासणी झाली, कलेक्टर साहेबांनी चादरी मोजल्या आणि गेले. त्यानंतर चार-सहा दिवसांत त्या लाल फुगवट्याखाली झोपणाऱ्या शेळीचोराला जामीन झाला. त्याचा त्याला स्वतःलाच धक्का बसला, कारण शेळी त्याच्या घरातच सापडली होती. जाताना त्यानं भिंतीला डोकं टेकवलं. त्याची जागा दुसऱ्यानं घेतली, त्यालाही जामीन झाला. मग त्या जागेसाठी मारामारी झाली. मग तिथं कुणीच झोपायचं नाही असं कैद्यांनीच ठरवलं आणि जागा सारवून घेतली. नाव कुणी ठेवलं ते कळलं नाही. महिन्याभरात कोठडीत भिंतोबा होता, त्याला सकाळ-संध्याकाळ आरती होती आणि जमादारांची हजेरी वेळेवर होऊ लागली होती, कारण आरतीसाठी सगळे आंघोळ करून रांगेत असत. अपघाताच्या गुन्ह्यात आलेला एक मुसलमान ट्रक ड्रायव्हर होता. त्यानं सांगितलं की भिंतीत नक्की कुणीतरी पीर असणार, आणि फुगवट्याच्या कडेला हिरवा रुमाल अडकवला. त्यावर कुणाची हरकत आली नाही. फक्त रुमाल धुवून लावावा, एवढं कैद्यांनी सुचवलं.

तांबट आला तो या सुमारास. पन्नाशी उलटलेला, हातांच्या रेषांत काळं बसलेलं, आवाज मात्र खणखणीत. आठवड्याच्या बाजारांतून फिरून भांडी दुरुस्त करायचा. एका गावच्या देवळाची घंटा त्याच्या पोत्यात सापडली. त्याचं म्हणणं, घंटा चिरली होती म्हणून गुरवानंच ती दुरुस्तीला दिली. गुरवानं पंचांना न विचारता दिली होती. पंचांनी दरडावल्यावर तो गप्प बसला. तो गप्प बसला आणि तांबट आत आला.

कैद्यांनी त्याला दुसऱ्याच दिवशी पुजारी केलं. कारण विचारल्यावर जमादार म्हणाले, "ते म्हणत्यात, आपल्यात देवळाच्या गाभाऱ्यापत्तुर गेलेला ह्योच एकटा."

कोर्टानं त्याला जामीन दिला होता. अडचण जामीनदाराची होती. शेतजमीन असलेल्या कुणीतरी सातबारा आणि ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभं राहायचं असतं. तांबटाला जमीन नव्हती, भाऊबंद नव्हते. ज्यांची भांडी त्यानं वर्षानुवर्षं ठोकून दिली, ते म्हणत, देवाची घंटा चोरणाऱ्याला जामीन राहिलो तर आमच्या घरात काय होईल?

त्याची भट्टी भाड्याच्या शेडमध्ये होती. त्याची बायको मंगळवारी भेटीला यायची. जाळीच्या अलीकडे ती, पलीकडे तो, बाजूला मी. भेटीच्या वेळी हजर राहणं माझं काम होतं, त्यामुळे ऐकू यायचंच.

"शेडवाला काय म्हणाला?" तो विचारायचा.

"दसऱ्यापत्तुर थांबतो म्हणला. मग दुसऱ्याला देतो."

"भट्टी?"

"हाय तशीच हाय. ऐरणीवर मांजर झोपती."

"हाकल तिला."

"हाकलती की. मी पाठ फिरवली की पुन्यांदा येती."

मग तो जाळीला बोटं अडकवून उभा राहायचा. एकदा मला म्हणाला, "बाई, खंडेनवमीला घरी गेलो पायजे. हत्यारं पुजली न्हाईत तर वरीसभर हात लावता येत न्हाई. शेडवाल्याला पन तेच कारन होईल. म्हनंल, ज्यानं हत्यार पुजलं न्हाई त्यानं धंदा सोडला."

मी कागदावर लिहिलं: तांबट, जामीनदार, खंडेनवमीच्या आत. माझ्या कामांच्या यादीत ते एक काम झालं. मी काम लिहिलं की करते.

पण त्याच आठवड्यात नवसांचं सुरू झालं. लोकांनी तुरुंगात असताना देवाला जे बोलायचं तेच बोलून ठेवलं होतं. सुटलो तर येऊन नारळ फोडीन. देवळात हे वाक्य बरोबर असतं. इथं कुणी पुढचा विचार केला नव्हता.

पहिला आला तो पुणतांब्याकडून आमच्या भागात बायकोच्या माहेरी राहायला आलेला एक शेतकरी. मेहुण्याशी मारामारी करून आत गेला होता. इस्त्रीचा सदरा, हातात पिशवी. माझ्या खिडकीशी उभा राहिला.

"बाई, आत जायचं हुतं."

"कुणाला भेटायचंय?"

"कुनाला न्हाई. देवाला."

"भेट कैद्यांची असते. देवाची नसते."

"पन मी इथलाच हाय की. मागल्या महिन्यात आतच हुतो. जमादार वळखत्यात मला."

"आता तुम्ही सुटलात."

"म्हनूनच आलो ना! सुटलो नसतो तर कशाला आलो असतो?"

मी त्याला नियम सांगितला. तो बाकावर बसून राहिला, मग गेला. संध्याकाळी एस. टी. स्टँडवर त्यानं ऊस चोखून त्याची चिपाडं कंडक्टरच्या टोपीत टाकली, कंडक्टरशी झोंबाझोंबी केली आणि पोलीस येईपर्यंत पळून न जाता तिथंच उभा राहिला. शांततेचा भंग म्हणून त्याला आमच्याकडे आणलं. झडतीत सदऱ्याखाली नारळ निघाला.

"हा काय?" जमादारांनी विचारलं.

"नवस," तो म्हणाला. "फुडच्या बुधवारपत्तुर सोडा म्हंजे झालं, खुरपनी राहिलीय."

त्याच्यामागून आणखी आले. एकानं तर बाजारात स्वतःच्याच भावाच्या सायकलची हवा सोडली आणि भावालाच तक्रार द्यायला लावलं. पोलीस ठाण्याचे लोक वैतागले. खानावळवाला रोज जादा डबे करायचे की नाही ते विचारायला येई, कारण कोण गुन्हा करून आलाय आणि कोण नारळ घेऊन आलाय हे त्याला आधी कळत नसे. म्हणून ती सोमवारची बैठक.

साहेबांनी चष्मा घातल्यावर मीच बोलले. मी म्हटलं, लोकांना आत घ्यायचं नाही. सोमवारी सकाळी नवसवाल्यांनी खिडकीशी नारळ द्यायचा, मी नाव सांगेन, जमादार नारळ स्वतःच्या हातानं आत नेतील आणि देवापुढे फोडतील, तांबट नवसवाल्याच्या नावानं गाऱ्हाणं घालेल. करवंट्या सगळ्या बाहेर आल्या पाहिजेत. अर्धा नारळ नवसवाल्याला, अर्धा कैद्यांना. खानावळवाल्यानं त्या दिवशी चटणीला खोबरं आणायचं नाही.

खानावळवाला लगेच म्हणाला, "हे शेवटचं फार चांगलं सुचवलंत."

साहेब म्हणाले, "मी अशा गोष्टी मानत नाही. पण शांततेचा प्रश्न आहे." मग दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "बाई, सोमवारी आमच्या घरूनही एक येईल. बदलीचं चाललंय आमचं. नगरला. ही म्हणते..."

"नाव तुमचं घालू की बाईसाहेबांचं?"

"तिचं घाला."

व्यवस्था चालली. पुढच्या सोमवारपासून एस. टी. स्टँडवरची भांडणं थांबली. तांबटाचं महत्त्व वाढलं. आतून त्याचा आवाज खिडकीपर्यंत स्वच्छ यायचा: अमुक गावच्या अमुकाची भाक तुझ्या पायाशी पोचली रे म्हाराजा, ह्याला पुन्यांदा हितं आनू नको. बाहेर उभा असलेला नवसवाला मान हलवायचा.

जामीनदार शोधायला हीच रांग बरी, असं मला वाटलं. रांगेत जमीनवाले होते, आणि सगळ्यांचं काम तांबटाच्या तोंडून होत होतं. मी एकेकाला विचारलं.

"त्याला जामीन राहता का? तुमचं गाऱ्हाणं तोच घालतो."

मेहुण्याशी भांडलेला शेतकरी म्हणाला, "बाई, गाऱ्हानं एक येगळं आन् जामीन येगळा. देवाच्या चोराला सोडवला तर देवाला काय वाटंल?"

"देवापुढे तोच उभा असतो रोज."

"आत हाय तवर ठीक हाय. देवाच्या नजरंखाली हाय. भाईर आल्यावर देव कुठं कुठं लक्ष ठिवनार?"

दुसरा म्हणाला, "आन् त्यो सुटल्यावर आमचं नवस कोन पोचवनार?"

हे दुसरं कारण खरं होतं, आणि ते सगळ्यांचंच होतं. जमादारांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, घाई करू नका. हा गेला की पुन्हा हजेरीला शिव्या द्याव्या लागतील." साहेबांना विचारलं तर ते म्हणाले, "तो सुटावा असंच आपल्याला वाटतं. पण पर्यायी व्यवस्था काय?" बदलीचा कागद अजून आला नव्हता. खानावळवाल्याची सोमवारची चटणी तर फार सुरेख व्हायला लागली होती.

ज्याच्या देवामुळे सगळे सुटत होते तो एकटाच आत, आणि ज्यांचं त्याच्यावाचून अडत होतं त्या सगळ्यांना तो आतच हवा. मंगळवारी त्याची बायको आली की मी भेटींच्या नोंदवहीत मान घालून बसे. भाद्रपद उलटत आला. पितरपाटाच्या जेवणावळी झाल्या. ती म्हणाली, शेडवाल्यानं एक नवा लोहार आणून जागा दाखवली. तांबटानं विचारलं, "मांजर?" ती म्हणाली, "त्या लोहारानं लाथ घातली तिला." त्याला ते जागेपेक्षा जास्त लागलं.

आणि मग घटस्थापनेच्या सुमारास थोरला भाऊ आला. दोन नंबरच्या कोठडीत बांधाच्या भांडणातला एक तरुण होता, त्याचा हा थोरला. बौद्ध शेतकरी, थोडीशी जिरायत, दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारं कुटुंब. धाकट्याचा जामीन अर्ज नगरला सेशन कोर्टात होता. भेट संपल्यावर तो माझ्या खिडकीशी आला.

"ताई, त्या पुजाऱ्याला कधी सोडनार?"

मी वर पाहिलं. हा प्रश्न तांबटाच्या बायकोखेरीज कुणी विचारला नव्हता. "जामीनदार मिळाला की."

"मंग मी ऱ्हातो."

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"न्हाई. पन आमचा धाकटा आत हाय. पाटं आरती, सांजंला आरती, सोमवारी तर दुपारपत्तुर नारळच. झोप न्हाई त्याला. डोळं बगा कसं झाल्यात. नगरची तारीख जवळ आली, जज्ज म्हनंल ह्यो दारू पिऊनच आलाय."

"पण तुमचा सातबारा त्यांच्यासाठी गुंतला तर भावाला कोण?"

"चुलता ऱ्हाईल. इचारलंय त्याला."

मला खात्री करून घेणं भाग होतं. "लोक म्हणतात देव कोपेल."

तो हसला. पान खाल्लेलं होतं. "छप्पन सालानंतर आमच्या बापानं घरातलं समदं देव पोत्यात भरलं आन् नदीत सोडलं. आमचं त्यांचं तितंच मिटलं. ह्यो तुमचा भिंतीतला तर त्या नंतरचा. त्याला आमच्या घरचा रस्ता पन ठावा न्हाई."

मी त्याला तिथंच बसवलं. ऐपतीचा दाखला आमच्याच कचेरीतून निघतो. तो अर्ज एरवी टेबलावरून टेबलावर फिरत राहतो; मी तो स्वतः हातात घेऊन फिरले. तलाठी भाऊसाहेबांना जेवायच्या आधी गाठलं. साहेबांनी सही करताना चष्मा पुसला. मी म्हटलं, "साहेब, सही न करण्याचं कारण काय लिहू?" त्यांनी सही केली.

सुटकेचा हुकूम कोर्टातून आला तो खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, दुपारी. तांबटाची बायको आवारातल्या बाकावर बसून होती. कोठड्या सूर्यास्ताला बंद होतात, त्याआधी त्याला बाहेर काढायचं. काम पंधरा मिनिटांचं. जमादार हुकूम घेऊन आत गेले आणि नुसतेच परत आले.

"मॅडम, ते सोडत न्हाईत."

"कोण सोडत नाही? हुकूम आहे."

"कैदी सोडत न्हाईत. दारात बसलेत सगळे."

माझ्या नोकरीत कैदी पळाल्यावर काय करायचं याच्या सूचना होत्या. कैद्यांनी एका कैद्याला सुटू दिलं नाही तर काय करायचं, याच्या नव्हत्या. मी जाळीपाशी गेले. अंगणापलीकडे दोन नंबरचं दार दिसत होतं. कैदी उंबऱ्यात मांडी घालून बसले होते, आणि आत मागं तांबट पिशवी छातीशी धरून उभा होता.

"काय पाहिजे तुम्हाला?" मी ओरडून विचारलं.

"आमचं जामीन!" एक जण म्हणाला. "आमचं समद्यांचं झालं की पुजारी घेऊन जा."

"तो काय तुमचा नोकर आहे का?"

"देवाचा हाय. देवाला इचारा."

तांबट मागून कळवळून म्हणाला, "अरं बाबांनो, माझी हत्यारं पुजायची राहिल्यात उद्या. जाऊ द्या की!"

"हितं पूज! देव काय तुझ्या घरी हाय व्हय?"

"हत्यारं घरी हायत!"

तेवढ्यात बांधाच्या भांडणातला तरुण उठला. "सोडा त्याला. मला झोपू द्या एक दिस तरी." त्याला दोघांनी हाताला धरून पुन्हा बसवलं.

जमादार हळूच म्हणाले, "लाठी चालवू का?" त्यांना ती चालवायची नव्हती, हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. मला त्या माणसांच्या तक्रारीत एक मुद्दा योग्य वाटला. कुठल्याही कचेरीत माणूस गेला की जागा रिकामी राहते, आणि लोकांचा राग माणसावर नसतो, रिकाम्या जागेवर असतो. आम्ही काय करतो? चार्ज देतो.

मी म्हटलं, "ठीक आहे. पुजारी चार्ज देऊन जाईल. घेणारा कोण ते ठरवा. पण सूर्य मावळायच्या आत."

चार्ज म्हटल्यावर त्यांना पटलं. सरकारी माणसं असाच बोजा खांद्यावरून उतरवतात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. मग त्यांची भांडणं सुरू झाली. नवा शेळीचोर नको, तो आंघोळ करत नाही. दारूच्या गुन्ह्यातला नको, तो दोन दिवसांत सुटेल. याला आरती येत नाही, त्याला येते पण गळा नाही. शेवटी सगळ्यांच्या नजरा एका कोपऱ्याकडे गेल्या. ट्रक ड्रायव्हर भिंतीला टेकून बसला होता.

"ह्याला समदं पाठ हाय," कुणीतरी म्हणालं. "आन् ह्याचा जामीन काय लवकर व्हत न्हाई."

ड्रायव्हर म्हणाला, "वो तो सही है. पन मी मुसलमान."

"मंग काय झालं? रुमाल तुझाच हाय की भिंतीवर."

त्यानं थोडा विचार केला. "गाऱ्हानं मी घालीन. नारळ जमादार फोडतील. जुम्म्याला मला सुट्टी."

"चालंल," सगळे म्हणाले.

जाळीतून आत दिलेल्या कागदावर मी चार्ज लिहून घेतला. स्टीलचं ताट एक, शेंदराची पुडी अर्धी, फडकं एक, हिरवा रुमाल एक. देणारा तांबट, घेणारा ड्रायव्हर, साक्षीदार जमादार. ड्रायव्हरनं अंगठा न लावता उर्दूत सही केली आणि कैद्यांना ते फार पसंत पडलं. दार मोकळं झालं. तांबट बाहेर आला, अंगण ओलांडताना एकदाही मागं वळला नाही. बायकोनं पिशवी घेतली. थोरला भाऊ आवारात होता, तो म्हणाला, "चला, शेवटची गाडी हाय." तिघं एकाच एस. टी.नं गेले.

खंडेनवमीला त्यानं हत्यारं पुजली. हे मला धाकट्या भावाकडून कळलं, तो पुढच्याच आठवड्यात सुटला, झोप होऊन. शेडवाल्यानं लोहाराला शेजारची जागा दिली.

दिवाळीनंतर एका सोमवारी तांबट माझ्या खिडकीशी आला. मला वाटलं नारळ असेल. त्यानं धोतराच्या सोग्यातून कागदाची पुडी काढली. आत तांब्याचे डोळे होते, देवाला बसवतात तसे. पातळ पत्र्याचे, कडांना बारीक ठोके, मधे बुबुळ उठवलेलं. फार सुंदर काम होतं.

"आत असताना बोललो हुतो," तो म्हणाला. "समद्यांना वाटायचं मी नारळच बोललो असंन. देवाला डोळं न्हाईत बाई, नुसता गोळा हाय. मी रोज समोर उभा ऱ्हायचो. सुटलो तर डोळं करून बसवीन म्हनलं."

"ड्रायव्हर बसवतील. द्या माझ्याकडे."

"न्हाई. ते माप घेऊन बसवाया लागत्यात. माझ्याच हातानं."

म्हणजे त्याला आत जावं लागणार होतं. मी म्हटलं, परवानगी काढते, तोवर ठेवून जा. तो पुन्हा पुन्हा पुडी बांधून सोडत होता, शेवटी दिली.

मी प्रस्ताव केला. साहेब नगरला बदलून गेले होते. नव्या साहेबांनी विचारलं की सरकारी भिंतीवर खासगी वस्तू बसवण्याचा नियम कुठला. बांधकाम खात्याकडून उत्तर आलं की सदर फुगवटा मोजमाप नोंदीत नाही, त्यामुळे त्यावर काही बसवण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मी लिहिलं, फुगवटा आहे. त्यांनी लिहिलं, असल्यास काढून टाकावा. ते उत्तर मी पुढे पाठवलं नाही. त्यानंतर मी दुसऱ्या टेबलाला गेले, मग दुसऱ्या तालुक्याला. दर वेळी चार्ज देताना ती पुडी कुणाच्याच नावावर चढत नव्हती, म्हणून ती माझ्याबरोबर आली.

तांबट दर वर्षी खंडेनवमीच्या आधी मला शोधत यायचा, विचारायचा, "झालं का?" मी म्हणायचे, "चाललंय." अलीकडे त्याला दूरवर चालवत नाही, म्हणून बायको निरोप घेऊन येते.

सबजेल अजून तिथंच आहे. भिंतही आहे, मी चौकशी केली. डोळे माझ्या लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात आहेत. या महिन्याच्या कामांत लिहिलंय: पावसाळ्याआधी छपराचं बघणे, गॅसचा नंबर लावणे, धाकटीच्या कॉलेजचा दाखला आणणे. शेवटची ओळ अनेक वर्षं तशीच पुढच्या महिन्यावर चढते: भिंतोबाला डोळे बसवणे, तांबटाच्या हातानं.